गव्हाणीची फळी

दूधवाल्याने चाळीस वर्षं लोकांच्या दारात दूध घातलं आणि म्हातारपणी त्याच्या एकुलत्या एका लेकीने दूध सोडलं. गल्लीत किती जणांनी यावर हसून घेतलं ते विचारू नका. दिव्याखाली अंधार, म्हणाले. त्यानेही हसून दाखवलं. आपणच हसलो की लोक फार खोदत बसत नाहीत, एवढं शहाणपण त्याला धंद्याने शिकवलं होतं.

लेकीने नवं घर घेतलं आणि स्वयंपाकघराचे नियम फोनवरच सांगून टाकले. दूध, दही, तूप, अंडं, मध, काही म्हणजे काही नाही. प्लास्टिकचा डबा नाही. धान्य काचेच्या बरण्यांत, भाजीची सालं-देठं खताच्या कुंडीत, आणि होईल तोवर नवीन वस्तू विकत आणायची नाही. शेवटचा नियम ऐकून म्हातारा खुलला. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती, गाई विकल्या होत्या, गोठा पाडायचं ठरलं होतं. लाकूड होतं आणि हातात सुतारकी होती. फळ्या मी करून देतो, म्हणाला. मनात मात्र वेगळंच होतं. काम करता करता लेक कधीतरी म्हणेल, बाबा, आता इथंच राहा. आपल्या तोंडाने विचारायचं नाही, हे त्याने पक्कं केलं होतं. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. नसेल, पण मान असतो.

आठ दिवस तो राबला. जुने खिळे उपटले, कीड लागलेले तुकडे बाजूला काढले, लाकूड घासून उन्हात वाळवलं. मधल्या वेळात सोयाबीन भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून त्याचं दूध काढायलाही शिकला. उतू जायच्या आत गॅस कधी बारीक करायचा, हे काही त्याला कुणी सांगायला नको होतं. चव म्हणाल तर भिजवलेल्या पुठ्ठ्याची. पण त्याने तोंड वाकडं केलं नाही. दुभत्या गाईच्या लाथा गोड, तिथं या दुधाला तर गायही नव्हती. जावई मोजकंच बोलणारा. तोही दुसऱ्यांदा कप पुढे करू लागला.

स्वयंपाकघराला लागून एक छोटी खोली होती. तीत बरण्यांची खोकी पडली होती. येता-जाता म्हातारा आत डोकावायचा आणि खाट खिडकीशी बरी की भिंतीशी, याचा विचार करायचा.

सगळ्यात चांगली फळी त्याने शेवटी बसवली, ओट्याच्या वर, लेकीच्या बरोबर नजरेसमोर. लेक कामावरून आली. खांद्यावरची पिशवीही न उतरवता तिने दोन बरण्या उचलल्या, फळीवरून हात फिरवला आणि थांबली. तिचं बोट कडेच्या एका जुन्या भोकावर टेकलं होतं.

"ही कुठली?"

"गव्हाणीची. तांबडीच्या पुढ्यातली. रंधासुद्धा मारलेला नाही बघ, कशी गुळगुळीत आहे."

"कशानं झाली गुळगुळीत, बाबा?"

वापरानं, असं तो म्हणणार, तोच त्याला ते आठवलं.

धंद्यात ही काही लपवाछपवीची गोष्ट नाही. वासरू मेलं की गाय पान्हा चोरते. मग वासराच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यासमोर उभं करायचं. ती चाटते, पान्हा सोडते, आणि आपण खाली बादली धरायची. त्याच्या बापाने हेच केलं होतं. तांबडीचं वासरू आठव्या दिवशी गेलं, तेव्हा त्यानेही पेंढा भरला आणि त्या फळीला टेकवून खिळ्याला बांधलं. कातड्याचे केस गेले, ते एका बाजूला कललं, तरी तांबडी चाटत राहिली. वासरू सरकलं की मागची फळी चाटायची. हे सगळं तो साफ विसरला होता. एवढंच लक्षात राहिलं होतं की फळी चांगली आहे.

"मी सहा वर्षांची होते," लेक म्हणाली. "वासरू हलत का नाही, विचारलं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, झोपलंय ते. मी रोज शाळेतून आले की त्याच्यापुढे पाण्याची वाटी ठेवायचे."

"त्याच दुधावर तुझी शाळा झाली, पोरी."

"माहितीये. म्हणून तर घशाखाली उतरत नाही."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. भांडणाचं काय, दोन दिवसांत मिटतं. सकाळी त्याने फळी उतरवली, भिंतीतली भोकं लांबी भरून बुजवली, हत्यारं पिशवीत घातली. लेकीने चहाचा कप हातात दिला आणि जे विचारायचं नाही म्हणून आठ दिवस दात आवळून धरलं होतं, तेच त्याच्या तोंडून निसटलं.

"काम तर झालं. मी राहू का गं इथंच?"

लेकीने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"राहा ना, बाबा. खोली तेवढी तयार होऊ दे. पुढच्या महिन्यात बघू."

आवाज मऊ होता, रागाचा लवलेश नव्हता. जावई उठला आणि धुतलेलाच कप पुन्हा धुवायला लागला.

म्हाताऱ्याने तो आवाज ओळखला. तो त्याचाच होता. याच आवाजात त्याने तिला सांगितलं होतं, झोपलंय ते. तांबडीला तेव्हा कळलं नसेल, असं तो जन्मभर धरून चालला होता. आज पहिल्यांदाच त्याच्या मनात आलं, की कळलं असेल तिला. कळूनही चाटत राहिली असेल.

त्याने कप खाली ठेवला आणि पिशवीतून मोजपट्टी काढली.

"मग तोवर त्या खोलीतल्या फळ्यापण करून देतो," तो म्हणाला.