कडेगावच्या पोरीला आम्ही काय काय दिलं

बोलत नाही म्हणून एका सात वर्षांच्या मुलीच्या गळ्याला मी दहा दिवस शेक दिला. गळा ठणठणीत होता. कान, जीभ, टाळू, सगळं जागच्या जागी. पण सांगलीच्या त्या दवाखान्यात माझ्या ताब्यात शेक द्यायचा एक लाल दिवा होता आणि अंगात पांढरा कोट, आणि एवढ्या भांडवलावर माणूस कुणालाही काहीही देऊ शकतो. मुलगी गप्प बसून दिव्याकडे बघत राहायची आणि मी वहीत लिहायचो, ‘प्रतिसाद उत्तम’.

बहात्तरच्या दुष्काळाला तेव्हा दोन-तीन वर्षं उलटली असतील. मुलगी कडेगावची. घरचा ऊस, बाप फौजेत, त्यामुळं एसटीनं हेलपाटे घालायची ती आईच, तेही एवढी थोरली पोर कडेवर घेऊन. खाली सोडली की स्टँडच्या गोंगाटात ती कान दाबून जमिनीवर बसे आणि उठत नसे. आमच्याकडं यायच्या आधी त्या दोघी साताऱ्याला जाऊन आल्या होत्या. तिथं शक्तीची इंजेक्शनं दिली. तीच का, तर कपाटात तीच शिल्लक होती. हे ऐकून मी तेव्हा हसलो होतो, आणि मग उठून दिवा लावला होता.

मुलीजवळ पितळी डब्याचं झाकण असायचं. ते ती फरशीवर भिंगरीसारखं फिरवायची, कान लावून ऐकायची आणि मंदावलं की नेमक्या क्षणी परत गती द्यायची. एकदाही चुकायची नाही. हे बघून एखाद्या शहाण्या माणसाला काहीतरी सुचलं असतं.

दर शनिवारी चहाच्या वेळी आमची बैठक असे. मी, हातकाम शिकवणारे एक मास्तर आणि उच्चार शिकवणाऱ्या एक बाई. मी शेक चालू ठेवा म्हणे. मास्तर म्हणत मणी ओवायला द्या, कारण नुकतीच मण्यांची पिशवी आली होती. बाई म्हणत आरशासमोर बसवा. शेवटी ज्याची खोली त्या आठवड्यात रिकामी, त्याचा उपचार ठरे. या पद्धतीत काही चुकतंय असं मला कधी वाटलं नाही. उलट, आम्ही एकमतानं काम करतो याचा अभिमानच होता.

मग पुण्याहून एक मोठे डॉक्टर आले. त्यांनी मुलीकडं पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाले, ऑटिझम. आम्ही तिघांनी जाणत्या माना डोलावल्या. शब्द तिघांनीही पहिल्यांदाच ऐकला होता. पुढं म्हणाले, आईची माया आटली की मूल असं होतं. आई तिथंच उभी होती, पोरीच्या झग्याची नाडी बांधत. डॉक्टर मराठीतच बोलले होते. नाडी बांधणारे हात एकदा थांबले, मग त्यांनी गाठ पुरी केली. मला त्या खोलीची आजही किळस येते, आणि त्या खोलीतल्या डोलणाऱ्या मानांपैकी एक माझी होती.

त्याच सुमारास बाई कुठल्याशा शिबिराहून नवी पद्धत घेऊन आल्या. मुलाला जे आवडतं ते काढून घ्यायचं, खाणं अडवून धरायचं, आणि शब्द काढला की एकेक घास द्यायचा. शिबिरात त्यांना असा बोलता झालेला एक मुलगा दाखवला होता. पद्धत नवी होती, एवढं कारण सगळ्यांना पुरलं. मुलीला भरती केलं, आईला दाराबाहेर बसवलं. झाकण बाईंच्या कपाटात गेलं. भाकरी-गुळाचा तुकडा मास्तरांच्या हातात. मुलीचे हात धरायचं काम माझ्याकडं आलं, कारण माझ्या अंगात ताकद होती. शब्द ठरला, ‘दे’.

पहिल्या दिवशी ती रडली. दुसऱ्या दिवशी स्वतःच्याच मनगटाला चावली. तिसऱ्या दिवशी भाकरीकडं बघायचीच थांबली, आणि चौथ्या दिवशी पाणीही घेईना. पाचव्या दिवशी सकाळी तिच्या तोंडातून ‘दद, दद’ असं आलं. बाईंनी टाळी वाजवली, मास्तरांनी चहा मागवला, मी वहीत लिहिलं, ‘पहिला शब्द’. तिचे हात माझ्या हातात होते. ती थंडी भरल्यासारखी कापत होती आणि दातावर दात आपटत होते, हे त्या दोघांपेक्षा मला जास्त ठाऊक होतं. तरी लिहिलं.

दुपारी व्हरांड्यात आईनं मला थांबवलं. चिडलेली नव्हती.

“दादा, खरं सांगा. ह्येनं बरी झाल्याली एक तरी पोर तुमी सवताच्या डोळ्यानं बगितलीसा का?”

वेळ लागतो, धीर धरा, हे सगळं माझ्या तोंडाशी तयार होतं.

“न्हाई,” मी म्हणालो.

“आन बाईंनी?”

“एक पोरगा बघितलाय. एक सकाळ.”

“मंग माज्या पोरीवर कशापायी?”

मी म्हणालो, बैठकीत ठरलं. तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं आपण भर बाजारात स्वतःशी बडबडणाऱ्या माणसाकडं बघतो. मग आत गेली, कुणाला न विचारता कपाट उघडलं, झाकण पोरीच्या हातात दिलं, तिला मांडीवर घेतलं आणि ओंजळीनं पाणी पाजलं. पोर प्यायली. माया आटलेल्या आईचं हे काम बघायला पुण्याचे डॉक्टर तेव्हा तिथं नव्हते.

घरी सोडताना कार्डावर कारण लिहावं लागतं. मी लिहिलं, ‘आईचे सहकार्य नाही. उपचार अर्धवट. पुन्हा आल्यास हाच उपचार पुढे चालवावा.’ वळणदार अक्षरात. आईला वाचता येत नव्हतं. तिनं ते कार्ड नीट घडी घालून पिशवीत ठेवलं आणि पोरीला कडेवर घेऊन स्टँडकडं निघाली.

घरी जेवताना मी हे सगळं बायकोला रंगवून सांगितलं. डॉक्टरांची नक्कल केली, मास्तरांच्या मण्यांचीही केली. ती साताऱ्याची, एरवी दवाखान्याच्या माझ्या गोष्टींना मनापासून हसते. त्या दिवशी तिनं वाढता वाढता पळी खाली ठेवली.

“ते कार्ड आता तिच्याजवळच आहे ना?”

मी हो म्हणालो.

“म्हणजे उद्या ती मिरजेला जाऊ दे नाहीतर कऱ्हाडला, तिथले लोक ते वाचणार आणि पोरीला परत उपाशी ठेवणार.”

रविवारी बघू, मी म्हणालो.

“रविवारपर्यंत काय थांबता? सकाळच्या पहिल्या गाडीनं कडेगावला जा. आणि खोडायच्या आधी तिला मोठ्यानं वाचून दाखवा, काय लिहिलं होतंत ते.”