रडण्याची शिकवणी

रडणं कुणी शिकवावं लागतं, असं तुम्हांला वाटत नसेल. आम्हांला ते रडवी याडीने शिकवलं, तेही पोळ्या लाटता लाटता, आणि चुकलं तर लाटणं उगारून. पदाने ती आमच्या वसतिगृहाची स्वयंपाकीण. ‘रडवी’ हे नाव अधीक्षक सरांनी चिडून ठेवलेलं. ‘याडी’, म्हणजे आई, हे आम्ही पोरांनी मागे जोडलं.

वसतिगृह म्हणजे महागावकडच्या आमच्या तांड्यावरच्या शाळेच्या दोन खोल्या. दिवाळी झाली की तांड्यातले आईबाप ट्रकमध्ये बसून ऊस तोडायला जात, ते होळीला परत येत. तोवर पोरं त्या दोन खोल्यांत. सरकारी कागदावर याला ‘स्थलांतर रोखणे’ म्हणत. रोखली जायची ती फक्त पोरं. मी पहिल्यांदा राहिले तेव्हा सात वर्षांची होते. धाकटा भाऊ अंगावर पीत होता म्हणून आई त्याला घेऊन गेली आणि मला ठेवून गेली. त्याच दिवशी मी ठरवलं, आता हिच्याशी जन्मात बोलायचं नाही. सात वर्षांच्या माणसाचा जन्म केवढा असतो ते सोडा, पण ठरवलं होतं.

त्या संध्याकाळी मी कोपऱ्यात तोंड दाबून मुसमुसत होते. याडी पिठाच्या हातांनी समोर येऊन बसली.

“असं काय मांजरीवानी करून राह्यली? रडाचं तं नीट रड. पहिले नाव घे. कोनासाठी रडतं ते समजलं पायजे. मंग गाऱ्हानं सांग. अन् सूर सोडू नको.”

आमच्यात बायका फार दिवसांनी भेटल्या की एकमेकींच्या गळ्यात पडून सुरात रडतात. कोण गेलं, कोण जन्मलं, कुणी छळलं, सगळं त्या रडण्यातच सांगून होतं. लग्न ठरलेल्या मुलीला तर माहेर सोडतानाचं रडगाणं, ढावलो, मोठ्या बायका समोर बसवून शिकवतात. याडी त्यात पटाईत होती. कुणाची मुलगी कशी रडली, याची परीक्षा ती सासरच्यांपेक्षा कडक घ्यायची.

“नाव नाही त्या रडन्याले कुत्रंही विचारत नाही,” असं ती नेहमी म्हणायची. माझी पंचाईत तिथेच होती. आईचं नाव मी घेणार नव्हते. मग मी आमच्या शेळीचं नाव घेतलं. तिचं नाव काबरी. तिलाही आईने जाताना मामाच्या तांड्यावर धाडून दिलं होतं. ‘काबरी ए, तुला कुणाच्या दावणीला बांधलं गं,’ असं मी सबंध हिवाळा रडले. पोरं हसली. याडीने लाटणं दाखवून त्यांना गप्प केलं आणि मला म्हणाली, “शेळी तं शेळी. सूर चांगला हाय तुया.”

खरी गंमत मुलग्यांची. हे रडणं बायकांचं, पुरुष ते करत नाहीत. तांड्याच्या नायकाने हटकलं, तेव्हा याडी म्हणाली, “ऊस तोडाले काय फक्त पोरीयचेच मायबाप गेले?” मुलगेही रडायला बसले. पण याडीला पाठ होती ती सगळी कडवी नवरीची. त्यामुळे तिसरीतला एक दांडगा मुलगा, शेंबूड पुसत, ‘बापू, मला परक्या घरी देऊ नको, माझ्या बाहुल्या कोण खेळेल’ असं मन लावून रडायचा. त्याने जन्मात बाहुली पाहिली नव्हती. रडून झालं की मात्र दोन भाकरी जास्त खायचा. पुढे याडीने बाहुल्यांच्या जागी भोवरा घातला.

अधीक्षक सर यवतमाळचे, तीन पिढ्या कचेरीत काढलेल्या घरातले. माणूस वाईट नव्हता, पण महिन्याच्या अहवालात ‘मुले रमली आहेत’ असं लिहायचं असे, आणि शेजारच्या खोलीतून वीस पोरं एका सुरात बाप आठवत असत. “बाई, तुम्ही मुलांना रडवता,” ते म्हणायचे. याडी म्हणायची, “सर, पानी म्या नाई भरलं. म्या फक्त नळ खोलून देल्ला.”

एकदा तपासणीचे साहेब नेमके रडण्याच्या वेळी आले. सरांना घाम फुटला. ते म्हणाले, “साहेब, हा सांस्कृतिक कार्यक्रम आहे.” साहेब खूश. महिनाभरात आम्हांला आरशांचे कपडे चढवून तालुक्याच्या लोककला स्पर्धेत उभं केलं. वेळ तीन मिनिटं. घंटा झाली, पण आम्हांला नाव, गाऱ्हाणं, सूर एवढंच शिकवलेलं. थांबायचं कसं ते कुणी शिकवलंच नव्हतं. दुसरी घंटा झाली, पडदा पडला, पडद्यामागेही आम्ही चालूच. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं आणि ‘सादरीकरण थोडे आनंदी असावे’ असा शेराही. याडीने शेरा वाचून घेतला आणि प्रमाणपत्राची सुरळी करून चूल फुंकली.

होळीच्या आदल्या दिवशी ट्रक आले. पोरं धावली. मी शाळेच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिले. आई आली, उसाच्या पात्यांनी चिरलेले हात घेऊन. तिने दोनदा हाक मारली. ती जवळ आली तशी मी भिंतीकडे तोंड केलं. ती मग तशीच उभी राहिली. काय करावं हे तिलाही कळेना.

तेव्हा याडी आली, माझ्याकडे बघितलंही नाही, आणि सरळ आईच्या गळ्यात पडून तिने सूर लावला. माझी सगळी हकीकत ती आईला सांगायला लागली, आणि सगळी खोटी. तुझी मुलगी मजेत होती गं, पोटभर जेवत होती, तुझी आठवण तिने एक दिवस काढली नाही. मी ऐकत होते आणि माझं अंग जळत होतं. एक दिवस नाही? मी भिंत सोडली, दोघींच्या मध्ये घुसले, आणि ही बाई खोटं बोलते हे सांगायला तोंड उघडलं. शिकवलेलं जात नाही. पहिल्यांदा बाहेर पडलं ते नाव, आईचंच.

“याडी ए.”

मग चार महिन्यांचं सगळं गाऱ्हाणं निघालं, आणि आईनेही तिचं काढलं. तिकडे उसाच्या पाचटाच्या कोपीत रोज माझ्या नावाची भाकरी थापून ती कुस्करून भावाला चारत होती, हे मला त्या रडण्यात कळलं. रडवी याडी मध्येच निसटून फोडणी द्यायला गेली. आतून तिचा आवाज आला, “सूर सोडू नको.”

खोटं काहून बोलली, असं मी नंतर विचारलं. ती म्हणाली, “खरं सांगतलं असतं तं तू कायले तोंड खोललं असतं?”

आता मी शिक्षिका आहे. मध्यंतरी आम्हांला बालमनाचं प्रशिक्षण होतं. मॅडमनी कागदी चेहरे वाटले, हसरा, रडका, मध्यम, आणि मुलांना व्यक्त होऊ द्या, असं सांगितलं. हॉलमध्ये शंभर शिक्षक इतके शांत बसले होते की पंख्याची कुरकुर ऐकू येत होती. मी मध्यम चेहरा उचलला आणि घरी आले.

त्याच आठवड्यात कळंबला याडीच्या मुलीकडे गेले. मुलगी दारातच म्हणाली, “तिले आता कोनी ओळखू येत नाई, ताई. मलेही नाई.” याडी खाटेवर बसली होती, वाळून एवढीशी झालेली. मी वाकले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि सवयीने हात पसरले. आम्ही गळ्यात पडलो. पहिलं नाव घ्यायचं. ती थांबली. माझ्या खांद्यावर तिची हनुवटी हलत होती, नाव सापडत नव्हतं. मला वाटलं, आता हे रडणं राहिलं.

मग तिने सूर लावला.

“काबरी ए...”

मी चूक दुरुस्त केली नाही. ओ दिली.