मेणाच्या नळीतलं ‘पानी’

देवचार, राखणदार, कौल, गाऱ्हाणी… या सगळ्यांविरुद्ध मी एक पुस्तिका लिहून स्वतःच्या खर्चाने छापलेली आहे. आपल्या सदरात लोक पिंपळावरच्या बायका आणि उलट्या पायांची माणसं पाठवतात, ती मी हसण्यासाठी वाचतो. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून माझे मित्र म्हणतील की हाही पाघळला. मी पाघळलेलो नाही. भुतांवर माझा आजही विश्वास नाही. पण एक गोष्ट घडली… भर दुपारी, चार माणसांच्या देखत. ती घडली नाही असं लिहिणं खोटं ठरेल, आणि याच प्रकरणात मी एकदा खोटं लिहून चुकलो आहे.

रत्नागिरीत बाजारातून मांडवीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका वकिलांचं चिरेबंदी घर आहे. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. सुधारक माणूस, त्यांच्या ओटीवर कोणालाही बसता येई. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. छापखान्यात मुद्रितं तपासायचो आणि उरलेल्या वेळात जातिभेदावर पत्रकं लिहायचो. आमचं घर ब्राह्मणाचं. वडिलांनी पत्रकं चुलीत घातली तेव्हा मी जेवण सोडलं होतं. सांगायचं एवढंच की माझ्या मनात खोट नव्हती. खोट दुसरीकडे होती.

गावात एक तळं आहे. भोवतीच्या घरांचं पिणं त्यावर. महारवाडीच्या बायकांना तळ्याला हात लावायची मनाई. चैत्र लागला की वाडीतली विहीर आटे, आणि मग त्या पायऱ्यांवर मडकी घेऊन बसत. कोणी वरून ओतलं तर ओतलं. त्या वर्षी पंचांनी सभा बोलावली होती… तळं सर्वांना उघडायचं की नाही.

त्याच सुमारास महारवाडीतले हवालदार सोननाक माझ्याकडे आले. मोठ्या लढाईत इराकात बसऱ्याकडे होते, आता पेन्शनीत. चार वह्यांची पानं दोऱ्याने शिवून त्यांनी आपली हकीकत लिहिली होती. हातात लेखणी धरणाऱ्या प्रत्येकाला ते मास्तर म्हणत.

“मास्तर, ही सभेत वाचा. माजी बायको काशी रोज दोन घटका पायरीवर बसते. वाडीतल्या सगल्याच बसतात.”

मी ती हकीकत वाचली आणि त्या रात्री मला झोप आली नाही. वाळूत एक जखमी शिपाई पडलेला, आपल्याच जिल्ह्यातला, उच्च जातीचा. तो म्हणतो, ‘पानी’. हवालदार बाटलीचं बूच काढतात. तो विचारतो, गाव कुठलं, नाव काय. हे सांगतात. तो तोंड मिटून घेतो. भरलेली बाटली हातात, आणि तो मरतो.

दुसऱ्या दिवशी मी लाल शाई घेऊन बसलो. सवयच ती. अकरा ठिकाणी ‘पानी’ होतं, त्याचं ‘पाणी’ केलं. आणि शेवट बदलला. माझ्या शेवटात तो शिपाई पाणी पितो आणि हवालदारांच्या हातावर हात ठेवून प्राण सोडतो.

हवालदारांनी ते वाचलं.

“तो प्यायला नाय, मास्तर.”

“पंचांना वाट दाखवायचीय, हवालदार. पिणारा माणूस दाखवला तर त्यांनाही ओतता येईल. तोंड मिटणारा दाखवला तर ते रागावतील.”

“मग माजी हकीकत कशाला? तुमची लिवा.”

“तळं हवंय ना?”

त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. मी जिंकलो असं मला वाटलं.

अण्णांकडे एक जुना फोनोग्राफ होता. हल्लीच्या तबकड्यांचा नव्हे, त्याआधीचा, मेणाच्या नळ्यांचा. त्यात गाणं ऐकता येई तसा आपला आवाज भरताही येई. कर्ण्यात बोलायचं, सुई मेणावर रेघ ओढत जाते. भरलेली नळी नको असली तर यंत्राच्या पात्याने वरचा थर तासून पुन्हा कोरी करायची. कल्पना अण्णांची… सभेत यंत्रातून हकीकत ऐकवायची. लोक यंत्र पाहायला येतील आणि हकीकत ऐकून जातील. कोरी नळी एकच उरली होती, दोन-सव्वादोन मिनिटांची.

प्रथम हवालदारच बोलले. कर्ण्यासमोर ताठ, परेडला उभे राहावं तसे. “…त्यानं डोले उघडले. म्हनाला, पानी. मी बूच काडलं…” एवढं झालं आणि आतल्या खोलीतून हसू फुटलं. अण्णांच्या घरच्या बायका. वाईट मनाने नव्हे. त्यांना ते ‘पानी’ आणि ‘म्हनाला’ नाटकातल्या गड्यासारखं वाटलं. अण्णांनी सुई उचलली.

“सभेतही हेच होईल,” मी म्हणालो. “हवालदार, मी वाचतो. तुमचीच हकीकत, फक्त उच्चार शुद्ध.”

“तुमी नाकातून बोलता, त्याला कोन हसत नाय,” ते म्हणाले. अण्णा खो खो हसले, मीही हसलो. हवालदार हसले नाहीत. “बाकी काय पन करा. ते ‘पानी’ तेवडं ठेवा.”

“का?”

“कोरड्या घशानं ण येत नाय, मास्तर. जीभ वर वलतच नाय. तितं सगले पानीच म्हनत होते. बामन काय नि पठान काय.”

मी म्हटलं, बघू. मग पातं लावलं आणि त्यांचा आवाज तासून काढला. ते समोरच बसले होते. मेणाचा भुगा टेबलावर पडला, तो मी फुंकरीने उडवला. नंतर मी वाचलं. आठवणीने, स्वच्छ, ‘पाणी’.

सभा तळ्याजवळच्या देवळाच्या सभामंडपात झाली. हवालदार आणि वाडीतली माणसं बाहेर अंगणात, उन्हात. मी कळ फिरवली. माझा आवाज मंडपात घुमू लागला आणि लोक अक्षरशः रडले. पंचांत एक पेन्शनर मामलेदार होते, त्यांनी उपरण्याने डोळे टिपले. मी मनात म्हटलं, झालं.

यंत्र थांबल्यावर हवालदार अंगणात उभे राहिले. “मला दोन सबुद बोलायचे हायत.”

“बसा,” मामलेदार म्हणाले. “ऐकलं आम्ही. फार सुंदर सांगितलंय.”

“पन ते मी…”

“हा लेख तुमचा?” त्यांनी हवालदारांना आपादमस्तक पाहिलं, मग माझ्याकडे वळले. “अहो, काहीतरीच. ह्याला धड पाणी म्हणता येतं का विचारा. म्हणा हो हवालदार, पाणी.”

मंडपात हशा झाला. हवालदार माझ्याकडे बघत होते. मी उठून सांगायला हवं होतं की लेख यांचाच, शुद्ध केला मी. पण तेवढं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता… आणखी काय काय शुद्ध केलंत? शेवट उघडा पडला असता. मी यंत्राचा कर्णा पुसत बसलो.

मामलेदारांनी निकाल सांगितला तो मला शब्दशः पाठ आहे. “यंत्रातल्या माणसासारखी माणसं असतील तर खुशाल येऊ देत तळ्यावर. आमची हरकत नाही. पण अशी कुठे आहेत? आधी तशी होऊ देत.”

तळं उघडलं नाही. जाताना हवालदारांनी फक्त आपली वही मागून घेतली. लाल शाईची पानं त्यांनी तिथेच फाडून मला परत दिली.

पावसाळ्याच्या तोंडावर ते तापाने गेले. मी मयताला गेलो नाही. कळलं उशिरा, असं मी लोकांना सांगतो. कळलं वेळेवरच होतं.

आता ती दुपार. दसऱ्यानंतरचे दिवस. अण्णांकडे जेवणावळ झाली होती. ओटीवर अण्णा, मामलेदार, त्यांचे व्याही, छापखान्याचे मालक आणि मी. ऊन अंगणात, सुपाऱ्या वाळत घातलेल्या. व्याह्यांना यंत्राची हौस. मामलेदार म्हणाले, “अरे, ती महाराची गोष्ट लाव. काय वाचलीय ह्याने.” नळी सभेपासून अण्णांच्या कपाटात कुलपात होती. कुलूप अण्णांनी माझ्यासमोर उघडलं. नळी मी माझ्या हाताने चढवली.

पहिली दोन वाक्यं माझ्या आवाजात आली. मग शिपाई डोळे उघडतो ते वाक्य… आणि ‘पानी’.

मला वाटलं माझाच कान फसला. पण पुढचं वाक्यही हवालदारांचं होतं. “मी बूच काडलं.” तोच ताठ, परेडचा आवाज, फक्त घसा कोरडा. इतका कोरडा की प्रत्येक शब्दाआधी जीभ टाळूवरून सुटल्याचं ऐकू येत होतं. इथवर मी समजू शकतो. पातं वरवर फिरलं असेल, खाली जुनी रेघ राहिली असेल. पण अण्णांनी सुई उचलली होती ती याच वाक्यावर. याच्या पुढे हवालदार त्या कर्ण्यात कधीही बोललेले नव्हते.

आवाज पुढे गेला.

“त्यानं इचारलं, कुटचा तू? मी गाव सांगितलं. नाव सांगितलं. त्यानं तोंड मिटलं. बाटली भरलेली होती. तो मेला. तो प्यायला नाय.”

मग सुईची खरखर. अंगणात कावळा सुपारीवर टोच मारत होता.

आणि मामलेदार टाळ्या वाजवून हसू लागले. “वा, वा. काय हुबेहूब नक्कल केलीयस रे. हे कधी भरलंस?”

व्याही डोळे पुसत होते, हसून हसून. “तो ‘पानी’ ऐकलात? घसा असा कोरडा कसा काढलात हो?”

अण्णा माझ्याकडे बघत होते. ते हसत नव्हते. छापखान्याच्या मालकांनी माझ्या पाठीवर थाप दिली. मला तिथे एक वाक्य बोलायचं होतं. सभेत बोललो नाही, तेच. चार माणसं उत्तराची वाट बघत होती आणि अण्णा सोडून तिघांच्याही चेहऱ्यावर माझ्याबद्दल कौतुक होतं.

मी म्हणालो, “सराव केला.”

दुसऱ्या दिवशी मी महारवाडीत गेलो आणि काशीबाईंना ओटीवर घेऊन आलो. झालेलं सगळं सांगितलं होतं, माझा ‘सराव’ सोडून. नळी लावली. खरखर. पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसती खरखर. त्यांचा आवाज नाही, माझाही नाही. पुन्हा लावली, चार वेळा लावली. काशीबाई पदर सावरून बसल्या होत्या.

“र्‍हाऊ दे,” त्या म्हणाल्या. “मला सांगून झालंय त्यांचं. मला कशाला सांगतील परत?” मग थोड्या वेळाने, “ऐकलं कोनी कोनी?”

“चार जणांनी. शिवाय मी.”

“मग त्यास्नी इचारा.”

विचारलं. त्या वर्षी विचारलं, आणि हे लिहिण्याआधी गेल्या महिन्यात पुन्हा विचारलं. अशा नळ्यांचा जाणकार म्हणवणाऱ्या मुंबईच्या एका गृहस्थाला नळीही दाखवली. त्याने ती कोरी आहे म्हणून परत दिली, कधी भरलेलीच नाही असं म्हणाला. याचा उलगडा मला झालेला नाही आणि होईल असं वाटत नाही. तासलेल्या मेणातून न बोललेलं वाक्य कसं आलं, मला माहीत नाही.

साक्षीदार मात्र पक्के आहेत. चौघांनाही सगळं आठवतं. ‘पानी’ आठवतं, मिटलेलं तोंड आठवतं, भरलेली बाटली आठवते. अण्णा मान खाली घालतात. बाकी तिघं एकच सांगतात… अहो, तो आवाज तुम्हीच काढला होतात. तुम्हीच नाही का म्हणालात?