सहाचा नंबर

महेश्वरी सोलापुरातल्या एका डायलिसिस केंद्रात संगणक सांभाळते. ‘सांभाळते’ हा शब्द तिच्या सासूचा. सासूला वाटतं, सून दिवसभर मशीन पुसत बसते. खरं तर कुठल्या रुग्णानं कधी यायचं, कुठला पलंग कुणाला, उद्याचे मेसेज, हे सगळं ज्या वेब अ‍ॅप्लिकेशनवर चालतं, त्याचा कारभार तिच्या एकटीकडे आहे. बाई हुशार, आणि आपण हुशार आहोत हे तिला जरा जास्तच ठाऊक.

ते अ‍ॅप्लिकेशन बारा वर्षं एकाच जावा सर्व्हरवर चाललं. तो तिच्या आधीच्या चनबसप्पांनी बसवलेला. रोज सकाळी कपाळाला विभूती लावून ते आपल्या हातानं तो सुरू करायचे. त्यासाठी त्यांनी चार ओळींची एक फाइल लिहिली होती, आणि निवृत्त होताना ती वाचून घे असं दोनदा बजावलं होतं. महेश्वरीनं मान हलवली आणि वाचली नाही. पुढे जुन्या सर्व्हरच्या सुधारणा बंद झाल्या, तेव्हा तिनं दुसरा जावा सर्व्हर निवडला. तो आपोआप सुरू होणारा. मग सुरू करायची फाइल हवी कशाला?

चैत्रातल्या अमावस्येला केंद्रात गर्दी कमी असते, म्हणून तिनं तोच दिवस धरला. सासूनं नाक मुरडलं. दुपारी एकपर्यंत अ‍ॅप्लिकेशन नव्या सर्व्हरवर उभं राहिलं, पानं झटपट उघडू लागली, आणि महेश्वरीनं निवांत डबा खाल्ला. चार वाजता तिनं उद्याच्या एकोणीस रुग्णांना मेसेज धाडले.

सव्वाचारला केम गावाहून अजिनाथ या रुग्णाचा फोन आला. त्याचा नंबर नेहमी सकाळी अकराचा, आणि मेसेजात साडेपाच. “म्याडम, साडेपाचला तितं पोचायचं तर मी घरनं निघू कवा?” त्यानं विचारलं.

तिनं यादी उघडली. सगळ्या वेळा साडेपाच तासांनी मागे गेल्या होत्या. नवा सर्व्हर ग्रिनिचची जागतिक वेळ धरून चालला होता. भारताची वेळ धर, ही सूचना चनबसप्पांच्या त्या चार ओळींतली एक होती.

सूचना नव्या सर्व्हरला द्यायला दहा मिनिटंही लागली नाहीत. पण गेलेले मेसेज परत कसे आणणार? ती एकेकाला फोन करत सुटली. नेटवर्कचा घोळ झाला म्हणून सांगा, असं व्यवस्थापक सुचवून गेले. तिनं ऐकलं नाही. प्रत्येकाला ती चूक माझी म्हणून सांगत होती, आणि प्रत्येक वेळी तिचे कान तापत होते. अठरा जण मिळाले.

राहिली दुधनीची गौरम्मा. तिचा नंबर सकाळी सहाचा, मेसेजात साडेबारा. रात्री साडेबाराला कोण बोलावतं? कुणीही ते दुपारचेच समजणार, आणि दुपारी एकही पलंग मोकळा नव्हता. गौरम्माचा शनिवारचा नंबर तापामुळे आधीच चुकला होता, तिला धाप लागत होती. उद्याचा सहाचा नंबर चुकवायचा नाही, असं डॉक्टरांनी लाल शाईनं लिहिलं होतं.

गौरम्माकडे फोन नाही. तिचा नवरा नागप्पा ज्या अडत दुकानात हमाली करतो, तिथला फोन नंबर त्यांनी लिहून दिलेला. दुकानदार मेसेज वाचून नागप्पाला सांगतो. पण दर अमावस्येला तो दुकान लवकर बंद करून फोनही बंद ठेवतो आणि देवाला जातो. महेश्वरीनं अकरा वेळा लावला. मग पर्स उचलली आणि एसटी स्टँड गाठलं.

अक्कलकोटला गाडी वीस मिनिटं थांबली. ड्रायव्हर चहा पीत होता, आणि त्याचा तो चहा तिला सहन होत नव्हता. दुकानदाराला मेसेज मिळालाच नसेल, अशी आशा तिनं वाटभर धरली.

दुधनीत साडेसातला उतरून ती विचारत विचारत घरी पोचली. मेसेज मिळाला होता. नागप्पानं पहाटेच्या गाडीचा बेत मोडला होता. गौरम्मा भिंतीला टेकून बसली होती, ओठ फुटलेले, श्वास तोकडा. महेश्वरीनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. चूक माझी, नंबर सहाचाच आहे, मी रात्री इथंच थांबते आणि पहाटे तुमच्याबरोबर येते.

गौरम्मानं कोनाड्याकडे बोट केलं. तिथे झाकलेला पेला होता. डॉक्टरांनी तिला दिवसाचं पाणी मोजून दिलेलं. दुपारचा नंबर कळल्यापासून, वाढलेल्या साडेसहा तासांना पुरावं म्हणून तिनं घोटही घेतला नव्हता.

“मग ताई,” तिनं विचारलं, “आता ह्यातलं थोडं पिऊ का?”

महेश्वरीनं पेला तिच्या हातात दिला आणि तिचं पिऊन होईपर्यंत मान खाली घालून उभी राहिली.