फळीवर मांडलेले दगड

तिसरीच्या मुलांना मी आपापल्या आवडीचा एकेक दगड आणायला सांगितलं होतं. खडबडीत, गुळगुळीत, काळे, पांढरे असे गट करून आम्ही ते वर्गातल्या फळीवर मांडले. मुलं खुशीत होती. अश्विनी मात्र रिकाम्या हातांनी आली होती.

"तुला नाही का सापडला?" मी विचारलं.

"आई म्हणते, दगड घरात आणायचा नाही."

गेल्या पावसाळ्यात अश्विनीच्या वाडीवर दरड कोसळली होती. तिचा धाकटा भाऊ झोपेतच गाडला गेला. वाचलेली माणसं आमच्या गावात पत्र्याच्या शेडमध्ये राहायला आली.

दगड निर्जीव असतो, तो आपणहून हलत नाही, असं मी वर्षानुवर्षं शिकवत आले. या पोरीनं तर अख्खा डोंगर घरात शिरलेला पाहिला होता. तिच्यासमोर ते वाक्य माझ्या तोंडून निघेना.

शाळा सुटल्यावर ती फळीपासून जरा लांबच उभी राहिली.

"बाई, हे रात्री इथंच राहणार?"

"हो गं."

"मग दाराला कुलूप लावाल ना?"

मी लावलं. तिनं ते दोनदा ओढून पाहिलं आणि मगच ती घराकडे वळली.