तिरपं कापलेलं हेड

आमच्या नंदनवन भागातल्या दुकानात एकच धर्म पाळला जायचा, सपाटपणाचा. तापून वाकलेली इंजिनाची हेडं, म्हणजे वरची जाड झाकणं, लोक घेऊन यायचे आणि बाबा ती मशीनवर घासून सपाट करून द्यायचे. मग हेड लोखंडी पाट्यावर पालथं घालायचं आणि त्याच्या पाठीवरून उंचसखल दाखवणारा काट्याचा डायल फिरवायचा. काटा हलला की काम परत मशीनवर. नाही हलला, तर बाबा हेडच्या कडेवर हातोडीनं दुकानाचा ठप्पा उमटवायचे. मशीन कितीतरी वर्षं मीच चालवत होते, पण ठप्पा कायम त्यांच्या खिशात.

एकदा बेसाहून एक गिऱ्हाईक आलं. घरची शेती सांभाळणारा माणूस, पण जीव सगळा एका जुन्या पेट्रोल गाडीत. ती त्याला शर्यतीत उतरवायची होती, म्हणून इंजिनाची ताकद वाढवून हवी होती. त्यासाठी हेडमधला खड्डा, जिथे पेट्रोल पेटतं, तो लहान करावा लागतो. पण सरळ घासून तेवढा लहान होईना, कारण एका बाजूला धातू पातळ होता आणि त्याच्या आत लगेच इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची वाट. मी म्हटलं, तिरपं कापू. खड्डा खोल आहे त्या बाजूनं जास्त आणि पातळ बाजूनं नावापुरतं. मग बोल्टची डोकी जिथे टेकतात त्या बैठका तिरपेपणाला जुळवून घ्यायच्या. भंगारातल्या एका हेडवर मी हे आधीच करून पाहिलं होतं.

बाबांचा चेहरा उतरला.

"लोकं वाकडं सरळ करायले आनतेत अन् तू सरळ वाकडं करून राहिली. काहून वं?"

"कारण गाडी त्यानंच पळणार आहे, बाबा."

"लोकं म्हनतीन, पोरीनं वाकडं कापलं."

हे वाक्य माझ्या डोक्यातच गेलं. शेजारच्या दुकानात काम बिघडलं तर दोष मशीनचा, कटरचा, फार तर विजेचा. आमच्याकडे बिघडलं तर पोरीचा! मी हेडच्या एका बाजूखाली पत्र्याच्या पातळ पट्ट्या सरकवल्या, ते तिरपं बांधलं आणि कापलं. खड्ड्यात तेल भरून मोजलं, तर मला हवं होतं तेवढंच मावलं. इतका आनंद झाला की मी एकटीच हसत बसले. बैठकांचं काम उद्यावर ठेवून हेड कापडानं झाकलं.

दुसऱ्या दिवशी आईबरोबर सीताबर्डीला जावं लागलं. घरात लग्न होतं आणि साड्या घ्यायच्या होत्या. परत आले तेव्हा माझं हेड मशीनवर होतं आणि बाबा स्टुलावर मान खाली घालून बसले होते. माझ्यामागे त्यांनी ते सरळ केलं होतं. सरळ करता करता पातळ बाजू फाटली आणि पाण्याची वाट उघडी पडली. उभ्या आयुष्यात त्यांच्या हातून एकही हेड वाया गेलं नव्हतं.

"तुह्या नावाले बट्टा लागू नाही म्हून केलं," ते म्हणाले.

मला रडू आलं नाही, संताप आला. वैऱ्यानं केलं असतं तर शिव्या तरी घालता आल्या असत्या. हे मायेनं केलं होतं, आणि त्याचाच जास्त राग आला.

संध्याकाळी गिऱ्हाईक आलं. फाटलेलं हेड पाहून त्यानं सरळ मलाच विचारलं, "ताई, तुमच्या हातून गेलं काय?"

बापाची अब्रू पोरीनं पदराखाली घ्यायची असते, हे मला लहानपणापासून न सांगता शिकवलेलं. पण त्या दिवशी मी ती घेतली नाही.

"माझ्या हातून नाही गेलं," मी म्हटलं. पुढचं मी बोलणार नव्हते, ते बाबांचं होतं.

बाबांनी फाटलेल्या जागेवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "माह्या हातानं गेलं गा."

गिऱ्हाइकाच्या घरी सुदैवानं दुसरं हेड होतं. मी म्हटलं, "आणा. पुन्हा तिरपंच कापीन, पण त्यावर दुकानाचा ठप्पा पडणार असेल तरच." त्या माणसाला ठप्प्याचं काय, तो नुसता हो म्हणाला. मी बोलले कुणाला, ते बाबांना बरोबर कळलं.

दुसरं हेड मी बाबांसमोर कापलं, बैठकाही केल्या. ते पूर्ण वेळ कोपऱ्यात उभे होते. दोनदा त्यांचा हात पुढे आला आणि परत मागे गेला. मग मी हेड पाट्यावर पालथं घातलं आणि किती उतार आला ते बघायला डायल फिरवू लागले. नेमके तेव्हाच शेजारच्या दुकानातले मिस्त्री डोकावले.

"काय भाऊ, काटा पळून राहिला ना!" ते हसत म्हणाले.

माझा हात डायलवर थांबला. बाबांनी खिशातून ठप्पा काढला, सदऱ्याला पुसला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"पळनच," ते मिस्त्रींना म्हणाले. "पोरीनं वाकडं कापलं."