सालवडच्या खोलीतला समुद्र

मासे मारून पोट भरणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. पण मासे जगवण्याच्या ध्यासापायी इतके मासे मारणारा माणूस आमच्या थोरल्या साडूंखेरीज दुसरा पाहिला नाही. आणि तेही अशा घरातला, की जिथे अंडं हा शब्दसुद्धा हळू आवाजात उच्चारला जाई. साडू बार्शीकडचे. पस्तिशीपर्यंत त्यांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे गावची विहीर, आणि तीही उन्हाळ्यात तळ दाखवणारी. एकोणीसशे ऐंशीच्या आसपास ते बोईसरला रंगाच्या कारखान्यात लागले, शेजारच्या सालवडला दोन खोल्यांचं बिऱ्हाड केलं आणि एका रविवारी जवळच्या दांडी गावच्या किनाऱ्यावर जाऊन समुद्र बघून आले. माणूस समुद्र बघतो, पाय भिजवतो, भजी खातो आणि परत येतो. साडू परत आले ते समुद्र घरी आणायचाच, असं ठरवून. मी पालघरहून भेटायला गेलो तेव्हा त्यांना सुचवलं, की पाळायचेच तर साधे गोड्या पाण्यातले मासे पाळा. त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "पाव्हणं, गोड्या पाण्यात कुणीबी जगंल," ते म्हणाले.

मग काचेची टाकी आली, हवेचा पंप आला, आणि मुंबईहून पिशवीत घालून चार निळे मासे आले. अंगठ्याएवढे, शेपटीला पिवळी झाक. डॅमसेल त्यांचं नाव. दुकानदाराने सांगितलं होतं, हा मासा फार चिवट, सहजी मरत नाही. माशांच्या दुर्दैवाने दुकानदाराला आमचे साडू ठाऊक नव्हते. दर रविवारी साडू सायकलच्या कॅरियरला दोन कॅन बांधून दांडीला जात आणि पाणी भरून आणत. तिथे होडीला डांबर फासणाऱ्या एका म्हाताऱ्याने त्यांना एकदा विचारलं, "भाऊ, आमी दर्यातनं मासं काडतो. तुमी दर्याच काडून नेता काय?" पहिले चार मासे तासाभरात उलटे झाले. कॅन कारखान्यातले होते आणि त्यात आधी काय असायचं हे विचारायचं साडूंना सुचलं नव्हतं. दुसरे चार पाण्यातल्या गाळाने गेले. तेव्हापासून साडू ताईंचं लुगडं चौपदरी करून त्यातून समुद्र गाळू लागले. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. नंतर त्या लुगड्याला असा वास यायचा, की त्या हळदीकुंकवाला गेल्या की बायका सरकून बसत.

घरभर मीठ झालं. बटणं गंजली, खुर्चीचे खिळे गंजले, भिंतीतल्या देवांच्या फोटोचा खिळा गंजून देव एकदा खाली आले. पाण्याचा खारेपणा मोजायला साडूंनी आकडे घातलेली एक काचेची नळी पैदा केली होती; टाकीतलं पाणी तिच्यावर एक हजार तेवीस भरायला हवं. पुढे पुढे जिभेवरच त्यांचा विश्वास बसला. ताईंनी आमटी चाखायला दिली, की डोळे मिटून म्हणत, "एक हजार पंचवीस. दोनानं जास्त हाय." ताई कपाळाला हात लावून म्हणत, "नवरा गिरणीत गेला असता तर निदान कापूस तरी घरात आला असता."

कितव्यांदा तरी आणलेल्या माशांपैकी एक मात्र टिकला. टिकला म्हणजे काय, बाकीच्या तिघांना त्याने टिकू दिलं नाही. चार बोटांचा एक दगड आपला मानून तो त्याभोवती गस्त घाली आणि दुसरा मासा जवळ आला की त्याचे कल्ले फाडी. तिघे गेल्यावर तो साडूंच्या हाताला चावू लागला. साडूंनी त्याचं नाव फौजदार ठेवलं आणि चाव्याच्या खुणा ते मेडल दाखवावं तशा लोकांना दाखवत.

ताईंना तो डोळ्यांसमोर नको होता. एका दुपारी साडू ड्यूटीवर असताना वादळात चाळीमागचं शेवग्याचं झाड तारांवर पडलं आणि वीज गेली. पंप थांबला. फौजदार पाण्याच्या वर तोंड काढून आ वासू लागला. मी त्या दिवशी त्यांच्याकडे गेलो, तर ताई टाकीसमोर स्टुलावर बसलेल्या. तांब्याने पाणी काढत होत्या आणि हात उंच करून धार परत टाकीत सोडत होत्या. पंप नसला तर काय करतात हे साडूंना बोलताना त्यांनी कधीतरी ऐकलं होतं. "कधीपासून बसलात?" मी विचारलं. "वीज गेली तेव्हापासनं," त्या म्हणाल्या. "तुम्ही हात लावू नका. तुम्ही जोरात ओताल, त्याला लागंल." वीज चार तासांनी आली. ताईंचा खांदा आठवडाभर उचलला जात नव्हता. त्यानंतर साडूंना टाकीपाशी जायला त्यांची परवानगी लागू लागली.

पुढच्याच वर्षी कारखान्याच्या फाटकाला कुलूप लागलं. साडू सहा महिने दारोदार फिरले. पन्नाशीकडे झुकलेला माणूस कुणालाच नको होता. त्याच काळात ताईंच्या डोळ्यांना साखरेने धरलं. शेवटी बिऱ्हाड बार्शीकडे गावी हलवायचं ठरलं. साडू फौजदाराला डब्यात घालून दांडीला सोडायला गेले. होडीवाल्या म्हाताऱ्याने डब्यात डोकावून मान हलवली. "हा आमच्या पान्यातला नाय, भाऊ. खडकातला हाय. या गढूळात दोन दिस नाय काडायचा." साडू डबा घेऊन परत आले. दुसऱ्या दिवशी एसटीने, टाकी मांडीवर घेऊन, माझ्याकडे पालघरला. तासभर मला सूचना दिल्या. निघताना काचेवर बोट टेकवून उभे राहिले. फौजदार काचेवर धडका मारत होता. "रागीट हाय," एवढंच म्हणाले.

मी सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. अकराव्या दिवशी फौजदार दगडाशेजारी आडवा दिसला. मी बराच वेळ पंप चालू ठेवून बसलो, जणू त्याला विचार बदलायला सवड देत होतो.

दोन दिवसांनी साडूंचं पोस्टकार्ड आलं. गावी पाऊस नाही, विहीर आटली, ताईंना आता उजेड-अंधार तेवढा कळतो. आणि खाली, फौजदार कसा आहे? मी लिहिलं, मजेत आहे. पुढच्या महिन्यात लिहिलं, मला चावला. तिसऱ्या पत्रात त्याला कोळंबीचा चुरा आवडू लागल्याचं लिहिलं. पाचव्या पत्रात मात्र सगळं खरं लिहून क्षमा मागितली आणि पत्र पेटीत टाकलं.

उत्तर लवकर आलं. "पाव्हणं, मला पहिल्या पत्रातच कळलं होतं. माझ्या हातनं एवढे गेले, तुमच्या हातनं एक गेला, वाईट वाटून घेऊ नका. हिला सांगितलेलं नाही. पत्रं मीच वाचून दाखवतो. ती रोज विचारते. मला बनवून सांगायला जमत नाही, लगेच ओळखते. तरी तुम्ही लिहीत जावं. जरा सविस्तर लिहावं."

टाकीत सध्या बायकोने कांदे ठेवले आहेत. मी त्यांच्याकडे बघत एक नवं कार्ड पुढे ओढलं आणि लिहिलं, "ती. ताईस सा. न. वि. वि. फौजदाराने काल दगडाची जागा बदलली."